लांबडीचा उंबरठा

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात एकच मोटार घडवली, पण ती तीनदा. कारखान्याच्या जाहिरातींमध्ये त्या मोटारीला भारदस्त नाव होतं, पण कारखान्याच्या फाटकाच्या आत ते कुणी घ्यायचं नाही. सगळे तिला लांबडी म्हणायचे. लांबडी म्हणजे स्टेशन वॅगन. पुढून चारचौघींसारखी घरगुती मोटार, आणि मागे डिकीच्या जागी छतच थेट शेवटपर्यंत ओढलेलं, म्हणजे बसलेल्या माणसांच्या पाठीमागे अख्खा संसार भरता यावा.

मोटार घडवली म्हणजे नेमकं काय केलं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटायचं आत्या दिवसभर नट-बोल्ट आवळत असणार. तसं नव्हतं. मोटार पत्र्याची होण्याआधी तिचं पूर्ण आकाराचं मॉडेल बनतं. डिझायनर कागदावर रेघा ओढतो, आणि त्या रेघांना हात लावता येईल असं अंग मॉडेल शॉपमध्ये मिळतं. आधीच्या काळात लाकडाचं, पुढे क्लेचं. ते काम आत्याचं. साहेबलोक त्या मॉडेलभोवती फेऱ्या मारतात, होकार नाहीतर नकार देतात, आणि मगच पत्रा दाबायचे साचे तयार होतात. म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक लांबडीच्या अंगावरचं वळण आधी आत्याच्या तळहाताखालून गेलेलं असायचं. हे वाक्य माझं नाही, तिचंच. ती ते कुणालाही ऐकवायची, भाजीवाल्यालासुद्धा. नम्रपणा हा गुण आमच्या घराण्यात तिच्यापर्यंत पोचेतो संपून गेला होता.

तिच्या हाताला वळण लावलं आजोबांनी. ते बुटांच्या कारखान्यात लाकडी पावलं कोरायचे. बूट हवेत शिवता येत नाही, तो लाकडाच्या पावलावर ताणून बसवावा लागतो. एक डावं पाऊल, एक उजवं. आत्या शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसून कानस चालवायची. डावं बघून उजवं करायचं आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचा हेवा वाटता कामा नये, एवढीच आजोबांची शिकवण. पुढे मोटार कारखान्याच्या मॉडेल शॉपला लाकडावर हात बसलेली माणसं हवी होती, तेव्हा तिथले फोरमन आजोबांना विचारायला घरी आले. आजोबांची नजर तोवर अधू झाली होती. ते म्हणाले, "मला राहू द्या. हिला न्या."

फोरमननी आधी आजोबांकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग तिच्या हातांकडे. तळव्यांवर कानशीचे घट्टे होते.

"सोमवारपासून या," ते म्हणाले.

मॉडेल शॉपमध्ये ती एकटीच बाई. पहिले काही दिवस बाकीच्यांनी तिच्यासमोर शिव्या देणं बंद ठेवलं, आणि त्यामुळे कुणाचं कामात लक्ष लागेना. मग एकदा आत्याच्याच अंगठ्यावर लाकडी हातोडा पडला आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्याच सुमारास पहिल्या लांबडीचं काम निघालं. कारखान्याची एक साधी चार दरवाज्यांची मोटार बऱ्यापैकी खपत होती. कुटुंबं मोठी, सामान फार, डिकी लहान, अशी तक्रार सगळीकडून यायची. वरून हुकूम आला की ह्याच गाडीला मागे जागा करून द्या, फार खर्चात पडू नका. डिझायनरच्या खात्यात एक तरुण नुकताच लागला होता, उंच, हडकुळा, डोक्यावर केस टोकासारखे उभे. त्याला पेन्सिल असं नाव पडायला एक आठवडासुद्धा लागला नाही. पेन्सिलने त्या गाडीचं छत सरळ मागे ओढलं, खाली चौकोनी खोका जोडला, आणि मागे कपाटासारखी दोन दारं लावली. दुसरं काही करायला त्याला वावच नव्हता. आत्याने आणि बाकीच्यांनी तो खोका लाकडात उभा केला, घासला, राखाडी रंग मारला.

मॉडेल बघायचं ते आतल्या दिव्यांखाली नाही, बाहेर अंगणात, दिवसाच्या उजेडात, अशी तिथली रीत. साहेबलोक आले, हिशेब खात्यातले आले, गाड्या चालवून बघणारे टेस्ट ड्रायव्हर एका बाजूला उभे राहिले. सगळ्यांनी एक फेरी मारली. मग टेस्ट ड्रायव्हरांच्या घोळक्यातून एक आवाज आला.

"छान आहे. पण फुलं कुठे ठेवायची?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं. लांब, चौकोनी, राखाडी, गंभीर. माणसाला शेवटच्या प्रवासाला नेणारी गाडी तंतोतंत अशीच दिसते. मोठे साहेब हसले, त्यामुळे सगळ्यांना हसायची मुभा मिळाली. पेन्सिलचे कान लाल झाले. आत्याने त्या बोलणाऱ्या टेस्ट ड्रायव्हरचा चेहरा नीट बघून ठेवला.

त्या माणसाशी तिने वर्षभर अबोला धरला आणि मग त्याच्याशी लग्न केलं. धरायचाच असेल तर अबोला घरात धरलेला सोयीचा, असं ती आम्हाला सांगायची. खरं असं झालं की पहिली लांबडी पत्र्याची होऊन आल्यावर तिच्यात वाळूच्या गोण्या भरून खडबडीत रस्त्यांवर पळवायचं काम त्याच्याकडे आलं. काम संपवून तो अंगभर धुळीने माखलेला मॉडेल शॉपच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, गाडी दिसते तशीच आहे. पण चालते फार छान. मागे कितीही भरा, कुरकुरत नाही." आत्याने त्याला बसायला स्टूल दिलं. हे आमचे आतोबा.

पहिली लांबडी लोकांनी हसत हसत विकत घेतली. बाळाची गाडी, पलंगाच्या फळ्या, पाहुण्यांच्या बॅगा, शिडी, सगळं तिच्या पोटात जायचं. फुलं कुठे ठेवायची हे वाक्य मात्र कारखान्यात रुळलं, आणि पेन्सिलच्या मनातून ते कधीच गेलं नाही.

दुसऱ्या लांबडीच्या वेळी त्याने ठरवलंच होतं की आता कुणाला हसू येता कामा नये. तोवर लाकूड मागे पडून क्ले आली होती. ही क्ले म्हणजे कुंभाराची माती नव्हे. तिच्यात मेण असतं, गंधकाचा वास असतो. भट्टीत गरम केली की लोण्यासारखी मऊ होते, अंगठ्याने सांगाड्यावर थापायची, आणि गार झाली की साबणाच्या वडीइतकी टणक होते. मग पोलादी पात्यांनी ती खरवडायची. आत्याला क्ले फार आवडायची. लाकडात जास्त घासलं गेलं की गेलं, क्लेमध्ये चूक परत भरून काढता येते, म्हणून.

पेन्सिलने ह्यावेळी छताला मागे हलकासा उतार दिला. बाजूच्या काचा मागच्या कोपऱ्यावरून वळवून पाठीमागच्या काचेला भिडवल्या, म्हणजे शेवटचा जाड खांब दिसेनासाच झाला. आणि सगळ्यात मागे, काचेच्या खाली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद पट्टा, त्यात दोन्ही बाजूंना लाल दिवे. हा पट्टा आत्याचा. पेन्सिलच्या कागदावर तिथे फक्त दोन रेघा होत्या. पट्ट्याला पोट किती द्यायचं, टोकांशी तो कसा वळवायचा, हे सगळं तिने क्लेमध्ये शोधलं. वरून चंदेरी कागद चिकटवायचा आणि खोलीच्या छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्याच्यावर कसा पडतो ते बघायचं. उजेडाची रेघ एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत न अडखळता गेली पाहिजे. ती कुठे थरथरली की कागद काढून पुन्हा पातं हातात. शेवटी एका सकाळी ती रेघ अशी वाहिली की पेन्सिल खुर्चीवरून उठून आला आणि नुसता उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "ह्याला आता कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

दुसरी लांबडी रस्त्यावर आली तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. शेजारच्या गल्लीतले लोक खास ती बघायला आमच्या इमारतीखाली यायचे, कारण आत्या-आतोबांनी घेतली होती, गडद हिरव्या रंगाची. आमचं बिऱ्हाड त्यांच्या वरच्याच मजल्यावर, त्यामुळे ती गाडी माझ्या आणि माझ्या भावाच्याही हक्काची. तिच्यात अगदी मागे दोन छोट्या सीट होत्या, मागे तोंड करून बसायच्या. सगळं जग पुढे जायचं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उलटे जायचो. मागच्या बस ड्रायव्हरला वाकुल्या दाखवायच्या, तो हसला की आपण जिंकलो. सुट्टीच्या सकाळी आत्या फडकं घेऊन खाली उतरायची आणि बाकी गाडी आतोबांवर सोडून फक्त पट्टा पुसायची.

पट्टा सुंदर होता, पण त्याच्यामुळे मागचा दरवाजा पट्ट्याच्या वरूनच उघडायचा. सामान आत ठेवायचं तर आधी कमरेच्या वर उचलायचं, पट्ट्यावरून पलीकडे न्यायचं आणि मग आत खाली सोडायचं. गाडीच्या ह्या कडेला कारखान्यात उंबरठा म्हणत. लांबडीचा उंबरठा उंच आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गाडी इतकी देखणी होती की उचलणारा माणूस मुकाट्याने उचलायचा. मी आणि भाऊ तर त्याच्यावरून उड्या मारून आत शिरायचो, आम्हाला तो उंचच हवा होता.

मग आतोबांच्या पायांतली ताकद जायला लागली. आजार नसांचा होता आणि त्याला घाई नव्हती. आधी क्लच दाबताना पाय थकायला लागला, मग जिना चढताना, मग त्यांनी टेस्ट ड्रायव्हरची नोकरी सोडून कारखान्यातच नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम घेतलं, आणि मग घरात चाकांची खुर्ची आली. आत्या-आतोबा दोघांनीही ह्याचा फार गाजावाजा केला नाही. जिन्याचं घर सोडून ते तळमजल्यावर आले, आतोबा स्वयंपाकघरात बसल्या बसल्या कांदा चिरायला शिकले, आणि गाडी आत्या चालवायला लागली.

एके दिवशी दुपारी ती त्यांना दवाखान्यात तपासणीला घेऊन गेली होती. मीही बरोबर होते, पण औषधं घ्यायला मागे थांबले होते. बाहेर आले तो काय बघते, आतोबा पुढच्या सीटवर बसलेले, आणि आत्या गाडीच्या मागे, खुर्ची दोन्ही हातांत वर उचलून अडकलेली. चाक उंबरठ्यावर टेकलेलं, आत जाईना आणि मागेही येईना. मी धावले, पण तेवढ्यात खुर्ची घसरली आणि तिच्या लोखंडी पायाने पट्ट्यावर ह्या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत लांबलचक ओरखडा ओढला.

आम्ही दोघींनी मिळून खुर्ची आत टाकली. ती स्टिअरिंगवर येऊन बसली तरी धापा टाकत होती. आतोबांनी आरशातून सगळं बघितलं होतं.

"तुझा पट्टा फार सुंदर आहे गं," ते म्हणाले. "फक्त जरा उंचावर राहतो."

"अहो, हसू नका."

"हसत नाही. ज्याने बनवला त्याला कधी खुर्ची उचलावी लागली नव्हती, एवढंच म्हणतोय."

"ज्याने नाही, जिने," आत्या म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

घरी पोचल्यावर आतोबांना आत सोडून ती खुर्ची घेऊन परत बाहेर आली, गाडीच्या मागे खुर्ची लावली आणि स्वतः तिच्यात बसली. तिथून, त्या उंचीवरून, गाडी कशी दिसते ते बघत राहिली. शेजारचे काका कामावरून येत होते, ते घाबरले.

"अहो बाई, तुम्हाला काय झालं?"

"मला काही नाही झालं. गाडीला झालंय."

तिसऱ्या लांबडीची वेळ आली तेव्हा लांबडीचेच दिवस भरत आले होते. लोकांना आता उंच गाड्या हव्या होत्या, डोंगरावर चढणार असल्याच्या ऐटीत बाजारात जाणाऱ्या. स्टेशन वॅगन म्हणजे आईवडिलांची गाडी, असं तरुण मंडळी म्हणायला लागली होती. कारखान्याच्या संचालकांनी एकच संधी दिली. एक मॉडेल करून दाखवा, पटलं तर ठीक, नाहीतर लांबडी बंद. पेन्सिल आता डिझायनर खात्याचा प्रमुख होता, केस पांढरे झाले होते पण अजून उभे. आत्या मॉडेल शॉपची प्रमुख. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "मला पट्टा कापायचाय. दरवाजा थेट बंपरपर्यंत खाली यायला हवा. उंबरठा गुडघ्याच्या खाली."

पेन्सिलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाई, तो पट्टा तुमचा आहे."

"म्हणूनच मी कापतेय. दुसऱ्या कुणी कापला असता तर मी त्याचा हात धरला असता."

बैठकीत सांगाड्याचे इंजिनिअर होते. गाडीच्या पत्र्याखालचा सांगाडा किती भार सोसेल, किती पिळेल, हे बघणं त्यांचं काम. त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात ज्या शब्दाने व्हायची त्यावरून त्यांचं नाव नाही-साहेब पडलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "पट्ट्याच्या आत एक आडवी पोलादी पेटी आहे. गाडीच्या दोन्ही बाजू तिने बांधून धरल्यात. ती कापलीत तर गाडी मागून पिळेल."

"थोडी पिळली तर काय होतं?"

"करून बघा," नाही-साहेब म्हणाले.

त्यांनी करून बघितलं. एका जुन्या लांबडीचा पट्टा कापला, दरवाजा खालपर्यंत लांबवला, आणि आत्या स्वतः तिच्यात बसून खडबडीत रस्त्यावरून फिरून आली. गाडी जुन्या खाटेसारखी कण्हत होती. परत आल्यावर ड्रायव्हरने एक चाक फुटपाथवर चढवून गाडी उभी केली, जशी लोक रोज करतात. आत्याने मागचा दरवाजा उघडला, तो उघडला. बंद करायला गेली तर बसेना. गाडी इतकी पिळली होती की चौकोनाचा चौकोन राहिला नव्हता. आत्याने खांदा लावला, सगळं वजन टाकलं, तरी नाही. नाही-साहेब तिच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे होते.

"म्हणा आता," आत्या न वळता म्हणाली.

"बाई, अशा वेळी म्हणायला मजा येत नाही," ते म्हणाले आणि तेही दरवाज्याला खांदा लावायला पुढे आले.

आठवडाभर आत्या घुश्श्यात होती. तिच्या म्हणण्यात खोट नव्हती आणि नाही-साहेबांच्याही नव्हती, हाच तर राग. त्या सुट्टीला दुपारी दाराची घंटा वाजली. मी दार उघडलं तर नाही-साहेब. आतोबांची आणि त्यांची जुनी दोस्ती होती. आतोबांनी गाड्या पळवून काढलेल्या खोडी ह्यांच्याच टेबलावर जायच्या.

"काय रे, घरी येऊन नाही म्हणायला आलास का?" आतोबांनी आतून विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि मग आपलं आपल्यालाच हसू येऊन त्यांनी टोपी काढली.

चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या. नंतर आतोबांना बागेत फिरायला न्यायचं होतं. त्यांना पुढच्या सीटवर बसवल्यावर नाही-साहेबांनी हट्टाने खुर्ची आपण गाडीत ठेवतो म्हणून सांगितलं. एका हातात पाय, दुसऱ्या हातात पाठ, अशी त्यांनी ती उचलली आणि उंबरठ्यापाशी थांबले. चेहरा लाल झाला. कशीबशी आत टाकली आणि कमरेला हात लावून सरळ झाले. मग काहीतरी विसरल्यासारखे परत घराच्या दाराशी गेले. आम्हाला वाटलं टोपी राहिली. ते दाराच्या चौकटीवर बोटांनी टकटक करत होते. वर, बाजूला, खाली.

"बाई, इकडे या," त्यांनी हाक मारली. "ह्या भिंतीला एवढं मोठं भोक आहे, माणूस आरपार जातो. तरी भिंत का पडत नाही?"

"चौकट आहे म्हणून."

"आणि चौकट आडव्या फळीने मधे बांधावी लागते का? नाही. चारी बाजूंनी सलग असली की झालं." ते हाताने हवेत भराभर आकार काढत होते. "पट्टा काढा तुम्ही. उंबरठा न्या खाली, जमिनीला टेकवा हवा तर. पण मला सगळीकडून जाड चौकट द्या. छताची मागची कड, दोन्ही खांब, खालची जमीन, एकसंध. कुठेही तुटलेली नको."

आतोबा गाडीतून ओरडले, "अरे, हा आज हो म्हणाला!"

पण आता पेन्सिलची पाळी होती. जाड चौकट म्हणजे मागचे दोन्ही खांब जाड. ज्या खांबांना त्याने काचेखाली लपवलं होतं ते पुन्हा डोळ्यात भरणार. त्याने कागदावर एकदा काढून बघितलं आणि कागद उलटा केला.

"बाई, परत पहिल्या अंगणात नेऊन उभं करताय मला. परत कुणीतरी फुलांचं विचारणार."

"साहेब, तुम्ही कागदावर बघताय. मला क्लेमध्ये बघू द्या."

मग आत्या त्या खांबाच्या मागे लागली. आधी फुगवून बघितलं, खांब सुजल्यासारखा दिसायला लागला. चपटा केला, तर दरवाज्याच्या फळीसारखा. घरी जेवताना तिचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत राहायचा आणि आतोबा तिच्याऐवजी तिच्या अंगठ्याशी बोलायचे. शेवटी तिला सापडलं ते असं. तिने खांबाच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत एक धार काढली. धारेच्या पुढचा भाग आकाशाकडे तोंड करून, त्याच्यावर उजेड पडायचा. मागचा भाग जरासा आत वळवलेला, तो सावलीत जायचा. खांब होता तेवढाच जाड, पण डोळ्याला दिसायचा फक्त उजेडातला अर्धा. पेन्सिलने ते बघितलं, खिशातून लाल खडू काढला आणि त्या सावलीतल्या भागात उभे, छतापर्यंत चढत जाणारे दिवे काढले. पट्ट्यातले दिवे कुठे न्यायचे हा प्रश्नही त्यातच सुटला.

"आता?" आत्याने विचारलं.

"आता पुढचा भाग ह्याच्या तोडीचा करावा लागणार," पेन्सिल म्हणाला. तो खूश असला की अशीच तक्रार करायचा.

संचालकांना दाखवायच्या दिवशी आतोबांनाही परवानगी काढून बोलावलं होतं. क्लेवरून फायबरचं मॉडेल काढून, रंगवून, मागचा दरवाजा खरा उघडेल असं करून अंगणात उभं केलं होतं. संचालक आले. सगळ्यात वयस्कर अध्यक्ष होते, फार न बोलणारे. त्यांनी फेरी मारली, मागे आले, दरवाजा वर उघडलेला होता. पेन्सिल खांबांबद्दल काहीतरी समजावत होता. ऐकता ऐकता अध्यक्षांनी खाली बघितलं, बुटाची नाडी सुटली होती. ते सहज उंबरठ्यावर टेकले आणि नाडी बांधायला लागले.

नाडी बांधून झाली. ते उठलेच नाहीत. तसेच बसून, हात गुडघ्यावर ठेवून त्यांनी पुढचे प्रश्न विचारले, आणि बाकीचे संचालक त्यांच्याभोवती उभे राहून ऐकत राहिले. जशी काही ती गाडी नाही, अंगणातलं बाकडंच. थोड्या वेळाने त्यांनी आपल्याखाली हात लावून बघितला.

"हे कुणाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

नाही-साहेबांनी आत्याकडे बोट दाखवलं, आत्याने नाही-साहेबांकडे, पेन्सिलने दोघांकडे. आतोबा खुर्चीतून म्हणाले, "साहेब, सुरुवात माझ्या पायांपासून झाली." अध्यक्ष उठून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांच्याशी बराच वेळ बोलत राहिले. काय बोलले ते आतोबांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, आमचं मोठ्या माणसांचं बोलणं होतं.

लांबडी बंद झाली नाही. तिसरी आली आणि आधीच्या दोघींपेक्षा जास्त चालली. रंगारी, माळी, वाद्यं वाहून नेणारे, जुळी मुलं असलेले, म्हातारे आईवडील असलेले, अशा सगळ्यांनी ती घेतली. उंच गाड्यांच्या गर्दीत ती अंग न चोरता सरळ उभी राहायची. आम्ही हिरवी दिली आणि नवी पांढरी आणली. पहिल्या दिवशी आत्याने आतोबांना पुढे बसवलं, खुर्ची घडी करून मागे नेली, पुढची चाकं उंबरठ्यावर टेकवली आणि एका हाताने आत ढकलली. दुसरा हात तिने मुद्दाम कमरेवर ठेवला होता, आतोबांना आरशातून दिसावा म्हणून. आतोबांनी हॉर्न वाजवून दाद दिली. त्यानंतर बरीच वर्षं ते दोघं त्या गाडीतून हिंडले. समुद्र बघितला, आत्याच्या मैत्रिणींची गावं बघितली, रस्त्यात कुठेही थांबून उंबरठ्यावर बसून चहा प्यायले.

आतोबा गेल्यावर आत्याने गाडी चालवणं सोडलं. आता मी तिला माझ्या छोट्या गाडीतून घेऊन जाते. मागच्या महिन्यात आम्ही खिडकीचे पडदे घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो होतो. बाहेर गाड्या लावायच्या जागेत आमच्या शेजारीच एक तिसरी लांबडी उभी होती, रंग उडालेला, बंपरला दोरी. तिचा मालक, चाळिशीचा गृहस्थ, मागचा दरवाजा उघडून उभा होता. जवळ एक म्हातारा कुत्रा होता, मागचे पाय लुळे. कुत्र्याने पुढचे पाय उंबरठ्यावर ठेवले, क्षणभर विचार केला, आणि कुणी हात न लावता स्वतःच आत चढून बसला.

आत्या जागच्या जागी थांबली. तो गृहस्थ हसला.

"मावशी, ह्या गाडीची हीच तर गंमत आहे. मागे बघा, किती खाली आहे! दुसऱ्या कुठल्याच गाडीत हा चढू शकत नाही. मी नवी घ्यायला गेलो होतो, ह्याला बरोबर नेलं होतं. सगळ्या गाड्यांना नको म्हणाला. ज्याने कुणी हे बनवलं असेल ना..."

"मी बनवलंय," आत्या म्हणाली.

गृहस्थाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, पण त्याला वाटलं मी म्हातारीची समजूत काढतेय.

"म्हणजे तुमच्याकडेही होती का अशी गाडी?" त्याने फार प्रेमाने विचारलं.

आत्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कुत्र्याकडे. समजावून सांगायला घेतलं असतं तर दुकान बंद व्हायची वेळ आली असती.

"होती तर," ती म्हणाली. "तीन होत्या."

"तीन! मग तुम्हाला काय सांगायचं," तो म्हणाला आणि त्याने दरवाजा खाली ओढला. दरवाजा एका बोटाच्या धक्क्याने खटकन बसला. आत्या तो आवाज कान देऊन ऐकत उभी राहिली, आणि मग माझा दंड धरून पडदे बघायला निघाली. दुकानात शिरल्या शिरल्या तिने पहिल्याच विक्रेत्या मुलीला सांगितलं, "बाहेर ती रंग उडालेली गाडी उभी आहे ना, बंपरला दोरी बांधलेली? जा, बघून ये."

ती मुलगी खरंच बघून आली.